भिशी (कोल्हापूर)

भिशी : ठरावीक सभासदांनी ठरावीक मुदतीने सारखी रक्कम गोळा करून ती पाळीपाळीने एकेकाने उचलण्याची, किंवा वर्षभर साठवून दिवाळीपूर्वी वाटून घेण्याची घरगुती बचतीची पद्धत. महाराष्ट्रात ती सर्वत्र आढळते. कोल्हापुरात पेठांतील तालमी व तरुण मंडळे, बाजारातील गाळेधारक आणि महिलांचे गट यांच्यात ती खोलवर रुजली आहे. मित्रमंडळींनी वर्गणी काढून घातलेल्या मटणाच्या बेतालाही येथे भिशीच म्हणतात. प्रस्तुत नोंद पैशाच्या भिशीपुरती आहे.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. केरळातील कुरी व चिट्टी या बचतीच्या पद्धतींशी असलेले साम्य पाहता ती दक्षिणेकडून आली असावी, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क तिचे नाते गुजराती आणि सिंधी व्यापाऱ्यांच्या ‘वीशी’ किंवा ‘बीसी’शी जोडतो. कोल्हापूरलगतच्या गांधीनगरात फाळणीनंतर सिंधी व्यापाऱ्यांची वसाहत होऊन कापडाची घाऊक पेठ उभी राहिली, हे या दुसऱ्या तर्काला पूरक असले तरी बोलीच्या (लिलावाच्या) भिशीपलीकडे त्याचा आधार पुरत नाही. इंडोनेशियातील अरिसान, जपानमधील मुजिन, पश्चिम आफ्रिकेतील एसुसु या पद्धतींची घडण जवळपास अशीच आहे. तेव्हा एकच मूळ शोधण्यापेक्षा, ओळखीपाळखीच्या माणसांत ती ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उभी राहिली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढे ती टिकते का, हाही वादाचा विषय आहे. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1962 मध्ये जावातील अभ्यासावरून अशा बचत मंडळांना शेतकी समाज आणि व्यापारी समाज यांमधली पायरी मानले. बँका आल्या की ती ओसरतील, असा त्यांचा रोख होता. शर्ली आर्डेनर यांनी 1964 मध्ये निरनिराळ्या देशांतील उदाहरणे तपासून या मताला हरकत घेतली. कोल्हापूरचा दाखला आर्डेनर यांच्या बाजूने पडतो. येथे अर्बन बँक 1913 पासून आणि जिल्हा मध्यवर्ती बँक 1938 पासून आहे, गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, रोजची छोटी ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट दुकानाच्या पायरीशी येतो. तरीही भिशी चालूच आहे. कारण बहुधा मिळकतीच्या चालीत असावे. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, कारखान्यावरचा पगार महिन्याने आणि उसाचा पैसा हंगामात एकदम. किरकोळ हाती आलेली रक्कम घरात राहिली की खर्चून जाते. भिशीचा हप्ता चारचौघांत भरायचा असल्याने तो चुकवण्याची सोय नसते. घरखर्चातून काटकसरीने उरवलेले पैसे स्वतःच्या नावावर राखण्याची वाट म्हणूनही अनेक स्त्रियांनी ती धरली आहे.

कोल्हापुरात तीन प्रकार दिसतात. चिठ्ठीच्या भिशीत सभासदांची नावे डब्यात टाकून एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठी काढवतात. ज्याचा नंबर लागला त्याचे नाव पुढच्या महिन्यापासून डब्यात पडत नाही, हप्ता मात्र शेवटपर्यंत भरावा लागतो. 20 जणांनी दरमहा 1,000 रुपये काढले तर प्रत्येकाला एकदा 20,000 रुपये मिळतात. वरवर पाहता कोणाचे नुकसान नाही. परंतु दसादशे 6 टक्के सरळव्याज धरले, तर शेवटच्या नंबरवाल्याचे सुमारे 950 रुपये व्याज बुडते आणि पहिल्याला तेवढाच लाभ होतो. तरीही 20 पैकी 19 जणांच्या हाती एकट्याने साठवण्यापेक्षा लवकर पैसा येतो, आणि पद्धतीचे खरे बळ येथेच आहे.

बोलीच्या भिशीत, म्हणजे लिलावात, ज्याला निकड अधिक तो रक्कम सोडतो. वरच्याच उदाहरणात एखाद्याने 3,000 सोडले तर तो 17,000 उचलतो आणि सोडलेल्या रकमेतून प्रत्येकाच्या वाट्याला 150 येऊन त्या महिन्याचा हप्ता 850 वर उतरतो. व्याजाचा दर कोणी ठरवत नाही, अडचण ठरवते. पहिल्या काही महिन्यांत बोली चढी असते. शेवटच्या सभासदासमोर बोली लावायला कोणी उरत नाही, त्यामुळे त्याला पूर्ण रक्कम मिळते.

दिवाळी भिशी किंवा फंड ही पाळीची पद्धत नव्हे. सभासदाजवळ चौकोन आखलेले कार्ड असते. दर आठवड्याला पैसे घेतले की भिशीचालक त्या चौकोनात सही करतो. जमलेल्या रकमेतून सभासदांना, बहुधा शेकडा दोन-तीन रुपये महिना दराने, कर्ज देतात. शेकडा दोन म्हणजे दसादशे 24 टक्के. दर भारी असला तरी व्याज सभासदांमध्येच वाटले जाते. दिवाळीच्या तोंडावर ‘भिशी फुटते’, आणि त्या पैशातून फराळाचे सामान, कपडे, कधी गुजरीत (सराफ बाजारात) एखादा दागिना होतो. येथे एक धोका सांगितलाच पाहिजे : कर्ज न उचलणाऱ्याला नफा मिळतो, पण बुडीत कर्जाचा वाटाही त्याच्याच अंगावर येतो.

कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठी आणि बोलीच्या भिश्या चिट फंड अधिनियम, 1982 च्या व्याख्येत बसतात. नाव कोणतेही असो, राज्य शासनाची पूर्वमंजुरी आणि नोंदणी हा नियम आहे. 2019 च्या दुरुस्तीने चालकाच्या दलालीची मर्यादा 5 वरून 7 टक्क्यांवर नेली आणि कायद्यातून सूट देण्याची मर्यादा, जी पूर्वी 100 रुपये होती, ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. शेजारपाजारच्या भिश्या प्रत्यक्षात नोंदणीविनाच चालतात. बँकेतील ठेवीला असणारे 5 लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण भिशीला नाही, तारण नाही. चालक गाव सोडून गेला तर हाती उरतात ते कार्ड आणि त्यावरच्या सह्या. म्हणूनच जाणती माणसे आधीचे नंबर अनोळखी सभासदाला देत नाहीत आणि नवा चालक असेल तर पहिल्या वर्षी हप्ता लहान ठेवतात.

बचत गट भिशीहून वेगळा : 1992 मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या बँक जोडणीमुळे त्याला बँकेतून कर्ज मिळते, आणि त्याचे हिशेब लेखी ठेवावे लागतात. एकाच गल्लीत, कित्येकदा त्याच स्त्रियांमध्ये, दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. अलीकडे हप्ते मोबाइलवरून भरले जातात आणि चिठ्ठी काढतानाचे चित्रीकरण सभासदांच्या गटात पाठवले जाते.