कोचिंग (व्यवस्थापनातील)

कोचिंग, व्यवस्थापनातील : सहकाऱ्याच्या हाती तयार उत्तर न देता, प्रश्न विचारून, नीट ऐकून आणि वेळच्या वेळी अभिप्राय देऊन त्याचे उत्तर त्यालाच सापडू देण्याची व्यवस्थापकाची किंवा गटप्रमुखाची रीत. शिकवणी आणि समुपदेशन यांहून ती वेगळी आहे.

मराठीत रेल्वेच्या डब्यालाही कोच म्हणतात आणि खेळाच्या प्रशिक्षकालाही; हा योगायोग नव्हे. हंगेरीतील कोच या गावी बहुधा पंधराव्या शतकात बनू लागलेल्या घोडागाडीला त्या गावाचे नाव पडले आणि पुढे ते युरोपातील अनेक भाषांत पसरले. इतर व्युत्पत्तीही सुचवल्या गेल्या आहेत, परंतु गावावरून नाव पडल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत, गाडी प्रवाशाला मुक्कामी पोहोचवते तशी परीक्षा पार करून देणाऱ्या खाजगी शिक्षकाला हा शब्द लागला; खेळात तो १८६० च्या दशकात रूढ झालेला दिसतो.

व्यवस्थापनविषयक लेखनात तो १९५० च्या आसपास आढळतो, मात्र वरिष्ठाने कामावरच शिकवणे एवढ्याच अर्थाने. आजच्या अर्थाचा उगम सामान्यतः टेनिसप्रशिक्षक टिमथी गॅल्वे यांच्या टेनिसवरील पुस्तकात (१९७४) मानतात. ‘चेंडूवर लक्ष दे’ असे बजावण्याऐवजी ते खेळाडूला चेंडू जमिनीवर आपटताच ‘टप्पा’ आणि रॅकेटवर येताच ‘फटका’ असे मोठ्याने म्हणायला लावत. लक्ष आपोआप चेंडूवर खिळे आणि स्वतःला दटावणारा मनातला आवाज थांबे. हा विचार उद्योगक्षेत्रात नेणाऱ्यांत माजी मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर प्रमुख होत.

ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय या चार टप्प्यांच्या, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या ‘ग्रो’ (GROW) आराखड्याचे श्रेय अनेकदा एकट्या व्हिटमोर यांना दिले जाते. तो त्यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला हे खरे. पण ग्रॅहम अलेक्झांडर आणि ॲलन फाइन या कोचांचाही त्यात वाटा असल्याने तो १९८० च्या दशकातील सामायिक कामातून घडला असे मानणे सयुक्तिक ठरते. हे टप्पे ओळीनेच घ्यावेत असे नाही. वस्तुस्थिती तपासताना ध्येयच बदलल्याचे वारंवार दिसते.

कौशल्यांत प्रश्नाची घडण सर्वांत महत्त्वाची. ‘अहवाल का रखडला?’ असे विचारले की माणूस सफाई देऊ लागतो. ‘अहवाल नेमका कुठे अडला?’ म्हटले की तो कामाकडे पाहतो. त्याहून अवघड म्हणजे प्रश्नानंतर गप्प राहणे. उत्तर ठाऊक असलेल्या वरिष्ठाला ते काही क्षणही जड जाते आणि तो स्वतःच बोलून टाकतो.

सूचना मुळीच देऊ नयेत, असा एक पक्ष आहे. बाहेरून आलेल्या कोचला ते जमू शकते. पण पगारवाढ आणि बढती ज्याच्या शिफारशीवर ठरते त्या वरिष्ठाला पूर्ण तटस्थ राहता येत नाही. म्हणून गरजेप्रमाणे विचारणे आणि सांगणे यांची सांगड घालणारे मत अधिक व्यवहार्य आहे. नवख्याला यंत्र कसे बंद करायचे ते सरळ सांगावे लागते. तेथे प्रश्न विचारत बसणे धोक्याचे. वार्षिक मूल्यमापनाची बैठकही या संभाषणापासून वेगळी ठेवणे इष्ट, कारण गुणांकन समोर असताना अडचण मोकळेपणी सांगायला माणूस बिचकतो.