तोंडी हुशार, लेखी कच्चा

७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या पर्सीची हकिगत छापली. मुलगा चलाख. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि बरोबर केला. पण सात वर्षं शिकूनही वाचता येत नव्हतं, स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरं मागेपुढे व्हायची. शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. दोष डोळ्यांत नसतो. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडणारं मेंदूच्या डाव्या बाजूचं जाळं वाचताना कमी सक्रिय असतं. (म्हणून यावर उपाय म्हणून रंगीत काचांचे चष्मे विकणाऱ्यांपासून लांबच राहा.) मराठीत हे काना-मात्रा गळण्यात, जोडाक्षरांशी अडखळण्यात आणि मुख्यतः संथ वाचनात दिसतं.

हुशार मुलांचं हे दुखणं उशिरा उमगतं. पहिली-दुसरीत ती धडा ऐकूनच पाठ करतात आणि बोट ओळीवर ठेवून घडाघडा 'वाचतात'. तिसरी-चौथीत मजकूर वाढला की पाठांतर पुरत नाही. मग प्रगतिपुस्तकावर शेरा येतो: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' घरचे शिकवणी लावतात. जे जमत नाही तेच आणखी दोन तास करायला लावण्याचा हा उपाय मला तरी जाचच वाटतो.

घरी एवढं करून पाहा: एकाच धड्यावरचे प्रश्न आधी तोंडी विचारा, मग लेखी द्या. दोन्हींत मोठी तफावत वारंवार दिसली, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञांकडे जा. अवधानाचा त्रास, चिंता किंवा निव्वळ कंटाळा हीही कारणं असू शकतात. मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत नुसते एकूण गुण पाहू नका. तल्लख तर्क आणि कच्चं वाचन यांची सरासरी काढली की मूल 'सर्वसाधारण' दिसतं आणि दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातलाच) समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र सवलतींनी वाचन येत नाही. त्यासाठी आवाज आणि अक्षर यांची जोडी क्रमाने, थोडी थोडी, रोज शिकवावी लागते, आणि तोवर इतिहास-विज्ञान ऐकून शिकू द्यावं लागतं.