बिबट्यांची आवारे, प्राणिसंग्रहालयांतील

प्राणिसंग्रहालयात बिबट्याला ठेवण्यासाठी बांधलेली बंदिस्त जागा. तिचे दोन भाग असतात : दिवसा लोकांना प्राणी दिसतो ते खुले आवार आणि त्यामागचा रात्रनिवारा. संध्याकाळी बिबट्या खाण्याच्या ओढीने आत येतो आणि मधला सरकता दरवाजा बाहेरून ओढून घेतला जातो. प्रेक्षक खुले आवार पाहून मत बनवतात. पण बिबट्याची सबंध रात्र, म्हणजे निसर्गात त्याच्या भटकंतीचा मुख्य वेळ, मागच्या खोलीतच जातो.

भारतात प्राणिसंग्रहालयांना मान्यता देण्याचे काम १९९२ साली स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण करते. त्याच वर्षीच्या नियमांत खुल्या आवाराची किमान मापे दिली होती : बिबट्याच्या जोडीला ५०० चौ. मी., वाघ-सिंहांच्या जोडीला १,००० चौ. मी. रात्रीच्या खोलीला किमान २ मी. लांबी, दीड मीटर रुंदी आणि २ मी. उंची. पाचशे चौरस मीटर म्हणजे कबड्डीची साधारण चार मैदाने. उसाच्या पट्ट्यात राहणारी बिबट्याची मादीसुद्धा काही चौरस किलोमीटरांत वावरते. तेव्हा या आकड्यांत थोडी भर घालून निसर्गाची बरोबरी होईल, असे समजण्यात अर्थ नाही. आवार चांगले की वाईट हे क्षेत्रफळापेक्षा त्याच्या आत काय आहे यावर जास्त ठरते.

मुख्य अडचण उंचीची. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गज काढून टाकून खंदकापलीकडे प्राणी दाखवायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर गेली. वाघ-सिंहांना खंदक चालतो. बिबट्या मात्र उभी सुमारे ३ मी. आणि आडवी सुमारे ६ मी. उडी मारतो, शिवाय झाडावर चढतो. त्यामुळे त्याच्या आवाराला वरूनही जाळी लागते, नाहीतर भिंतीच्या माथ्यावर आत झुकलेला गुळगुळीत पत्रा. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथे २०२४ साली सुरू झालेल्या बिबट्या सफारीत २० हेक्टर जंगलाला साडेचार मीटर उंच जाळी असून तिच्या माथ्यावर असाच तिरपा पत्रा बसवला आहे. बिबट्या निसटल्याच्या कथा सगळीकडच्या आहेत. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातून १९३३ साली पळालेली काळी मादी ऐन हिवाळ्यात दहा आठवडे मोकळी होती. शेवटी एकाने तिला गोळी घातली आणि खाऊनही टाकले. पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात मार्च २०२४ मध्ये पिंजऱ्यातून सुटलेला नर दुसऱ्या दिवशी आवाराच्या हद्दीतच सापडला.

छत घातले की सुरक्षिततेचा प्रश्न मिटतो, पण बऱ्याच ठिकाणी विचार तिथेच थांबतो. वर चार मीटर मोकळी हवा आणि खाली सिमेंटची फरशी, मध्ये काहीच नाही! बिबट्याला ती उंची वापरता आली पाहिजे : आडव्या फांद्यांचे खरे झाड, वेगवेगळ्या पातळ्यांवर लाकडी मचाण, आणि निदान एक मचाण प्रेक्षकांच्या डोक्यापेक्षा उंच. वरून खाली पाहणारा बिबट्या निवांत असतो. चहूबाजूंनी माणसे आणि लपायला जागा नाही, अशा आवारात तोच प्राणी बेचैन होतो.

अवंती मल्लापूर आणि रवी चेल्लम यांनी दक्षिण भारतातील चार प्राणिसंग्रहालयांतील बिबट्यांचा अभ्यास केला; तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बिबटे आवाराच्या कडेचा भाग मुख्यतः येरझाऱ्यांसाठी आणि मागचा भाग विश्रांतीसाठी वापरताना दिसले. येरझारा म्हणजे एकाच रेषेत, त्याच ठिकाणी वळत, तासन्‌तास चालणे. हे पाहायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. जाळीलगत वीतभर रुंदीची पायवाट पडलेली असते, तिच्यावर गवत उगवत नाही, आणि कोपऱ्यात जिथे वळण आहे तिथली माती खोलगट झालेली असते. प्राणी आत झोपलेला असला तरी ही पायवाट त्याचे दिवस कसे जातात ते सांगते. काही ठिकाणी तिच्यावर फरशी घालतात. मग खूण दिसेनाशी होते, एवढेच.

सुधारणेचे उपाय महागडे नाहीत. मांस जमिनीवर न ठेवता उंच फांदीला बांधणे, दुसऱ्या प्राण्याच्या लिदीने भरलेले पोते आत टाकणे, नखे घासायला दर काही महिन्यांनी नवा ओंडका देणे. यांत खर्चापेक्षा राखणाऱ्याची रोजची मेहनत जास्त लागते, म्हणून नव्याचे नऊ दिवस संपले की ते मागे पडतात. काचेची दर्शनी भिंत सध्या लोकप्रिय आहे. तिने आवाज कमी होतो हे खरे, पण काचेवर थापा मारणारी पोरे आणि त्यांचे फोटो काढणारे पालक अगदी हातभर अंतरावर येतात.

महाराष्ट्रात बंदिस्त बिबट्यांचा प्रश्न प्राणिसंग्रहालयांपुरता नाही. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथील निवारा केंद्रांत शेतात किंवा वस्तीजवळ पकडलेले बिबटे ठेवले जातात. पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला माणसाची सवय असते, जंगलातून आलेल्याला ती नसते. माणूस जवळ आला की तो गजांवर झेप घेतो, कपाळ फोडून घेतो, सुळे मोडून घेतो. अशा बिबट्याला मोठ्या आवाराच्या आधी आडोसा लागतो, म्हणून त्याच्या पिंजऱ्याच्या बाजू कापडाने झाकून ठेवतात.