समतोल, काटा आणि कोरी शीट : पार्श्वभूमी

रासायनिक समतोल एक्सेलसारख्या शीटवर कसा शिकवावा, त्याची ही पार्श्वभूमी. वस्तुमानक्रियेचा नियम, म्हणजे अभिक्रियेचा वेग पदार्थांच्या प्रमाणावर ठरतो हा, १८६४चा, नॉर्वेतल्या दोघांचा. ताण दिल्यावर समतोल कुठे सरकतो, हे १८८४ मध्ये एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने सांगितलं. शिकवणं मात्र पुढे शंभर वर्षं खडू-फळ्यावरच. १९८५ मध्ये एक्सेल आलं, पण आमच्याकडे कॉलेजात ते आधी निकालपत्रकापुरतंच वापरलं गेलं.

खरा घोळ शब्दाचा. अकरावी सायन्सचं पुस्तक इंग्रजी, तोंडात ‘इक्विलिब्रियम’, आणि समजावताना सर म्हणणार ‘समतोल’. सोलापूरच्या पोराला समतोल म्हटलं की काटा आठवतो : दोन्ही पारडी सारखी. मग अभिकारकं (सुरुवातीचे पदार्थ) आणि उत्पादितं (तयार होणारे पदार्थ) सारखी करून तो मोकळा! ‘साम्यावस्था’ म्हणून पाहिलं. ते तर आगीतून फुफाट्यात. हायड्रोजन आणि आयोडीन १-१ मोल घ्या, समतोल स्थिरांक (समतोलात उत्पादितं आणि अभिकारकं यांचं ठरलेलं गुणोत्तर) ४९ धरा. शेवटी हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल, बाकी दोघं ०.२२-०.२२. यात सारखं काय? फक्त पुढच्या आणि उलट अभिक्रियेचा वेग. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत जेवढे आत शिरतात तेवढेच बाहेर पडतात, म्हणून आतली गर्दी तेवढीच राहते. आत आणि बाहेर माणसं समान आहेत, असं कुणी म्हणेल का?

म्हणूनच शीटमध्ये आधी वेगांचा आलेख काढावा, हे माझं मत. त्या दोन रेषा एकमेकींना येऊन मिळतात. संहतीच्या (ठरावीक जागेतल्या पदार्थाच्या प्रमाणाच्या) रेषा वेगवेगळ्या उंचीवर सपाट होतात. बरेच जण उलट क्रमाने दाखवतात, आणि काट्याचा गैरसमज तसाच राहतो.

दुसरा वाद : सरकपट्टी (आकडा बदलायचा स्लायडर) लावलेली, सूत्रं लपवलेली कुलूपबंद शीट द्यायची, की कोरी? वर्षानुवर्षं कुलूपबंदच चालली. दिसायला देखणी आणि तासही वेळेत संपतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वर्ग मोबाईलवर आला आणि पंचाईत झाली. एक्सेलची सरकपट्टी गूगल शीट्समध्ये चालत नाही. नाइलाजाने सूत्र पोरांनीच टाकायचं ठरलं : ‘ए’चं ‘बी’ होतं आणि ‘बी’चं ‘ए’, मागच्या ‘ए’तून त्याचाच ०.४ पट वजा, मागच्या ‘बी’चा ०.१ पट अधिक, आणि खाली ओढा; प्रत्येक ओळ म्हणजे वेळेची एक पायरी. ‘ए’ १ मोलपासून सुरू : १, ०.६, ०.४, ०.३, ०.२५... आकडे ०.२ कडे सरकत जातात.

मग कुणीतरी घाईने वेळेची पायरी १ ऐवजी ५ केली. दुसऱ्याच ओळीत ‘ए’ उणे १, तिसरीत २. भांड्यात मुळात ‘ए’ होता १ मोल. कुलूपबंद शीटमध्ये वेळेच्या पायरीचा नेमका हाच खाना लपवलेला असायचा.