तरुण वयात स्तनाचा कर्करोग आणि हातात पैसे नाहीत: महाराष्ट्रात मोफत उपचारांसाठी अर्ज कसा करायचा

कर्ज काढण्याआधी, दागिने गहाण ठेवण्याआधी आणि खासगी रुग्णालयात अनामत भरण्याआधी एक नियम नीट समजून घ्या. राज्यातली मुख्य सरकारी आरोग्य योजना, म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार, असा तिचा क्रम असतो. खिशातून भरलेलं बिल नंतर दाखवून पैसे परत मिळतील, या भरवशावर राहू नका. म्हणून तपासण्या आणि कागदपत्रं ही दोन्ही कामं एकदमच सुरू करा. घरातलं एक माणूस पेशंटबरोबर रुग्णालयात राहू दे, दुसऱ्याला तहसील कचेरीत पाठवा.

पेशंट पंचविशी-तिशीतली असेल तर ही घाई जास्तच गरजेची. या वयात कसला आलाय कॅन्सर, असं म्हणून गाठ बरेचदा अंगावर काढलेली असते. शिवाय तरुण स्त्रियांमध्ये आजाराचे आक्रमक प्रकार तुलनेनं जास्त दिसतात. कागदांपायी आठवडे जाणं परवडणारं नाही.

कोण पात्र आहे?

पहिला अर्ज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत करायचा. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडलेली आहे. पूर्वी ती प्रामुख्यानं पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती पांढऱ्या कार्डधारकांनाही खुली झाली आणि उपचार-खर्चाचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढलं. 'आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही' असं समजून अजूनही कित्येक घरं चौकशीच करत नाहीत. कृपा करून चौकशी करा. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावरही पात्रता धरली जाते. वयाची अट नाही. ही रक्कम मात्र सगळ्या कुटुंबाची मिळून असते, म्हणून त्याच वर्षी घरात आणखी कुणाचा उपचार झाला असेल तर शिल्लक किती, ते विचारून घ्या.

नाव कोणत्या कार्डात आहे?

तरुण पेशंटचं काम सगळ्यात जास्त इथं अडतं, आणि याची कल्पना आधी कुणी देत नाही. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलेलं असतं. रुग्णालयाच्या खिडकीवर उभं राहिल्यावर कळतं की कागदोपत्री ही मुलगी कुठल्याच कुटुंबात नाही.

तुमचं नाव माहेरच्या कार्डात अजून असेल तर चौकशी न करता ते कमी करायला जाऊ नका. त्या कार्डावर काम होतं का, हे आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात राहत असाल तरी काळजी नको. राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्याचं वैध कार्ड योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात चालतं.

नाव कुठेच नसेल तर माहेरच्या पुरवठा कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा. तो दाखला, आधार, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि सासरचं मूळ कार्ड घेऊन सासरच्या तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागात अर्ज द्यायचा. मुंबईत हे काम शिधावाटप कार्यालयात होतं. अर्जाला बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालाची प्रत जोडा आणि प्रकरण तातडीचं आहे असं लेखी लिहा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

आधारवर लग्नाआधीचं आणि कार्डावर लग्नानंतरचं नाव, हाही नेहमीचा घोळ. पडताळणीत नावं जुळली नाहीत की फाइल थांबते. विवाह प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रती कायम जवळ ठेवा.

रुग्णालयात गेल्यावर

योजनेतलं रुग्णालय निवडताना फक्त यादीत नाव आहे एवढं पाहू नका. तिथं शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे तिन्ही योजनेखाली होतं का, ते विचारा. रेडिएशनचं मशीन सगळीकडे नसतं, आणि अर्ध्यावर रुग्णालय बदलणं पेशंटला फार जड जातं. चौकशीसाठी योजनेचे क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे आहेत. आयुष्मान भारतचा १४५५५.

सोबत मूळ रेशनकार्ड, पेशंटचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, असल्यास आयुष्मान कार्ड आणि सगळे वैद्यकीय अहवाल न्यायचे. आरोग्यमित्र नोंदणी करतो आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. बायोप्सीचा अहवाल नसेल तर इथं फाइल पुढे सरकत नाही. त्याबरोबर गाठीच्या पेशींचा प्रकार सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांचा अहवालही लागतो, कारण औषधं त्यावरून ठरतात. निदान पक्कं होण्याआधीच्या तपासण्या बरेचदा योजनेत बसत नाहीत. त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केल्या तर खर्च पुष्कळ कमी येतो.

मंजुरीच्या वेळी 'क्वेरी' आली म्हणजे नकार आला असं नाही. एखादा कागद किंवा खुलासा मागितलेला असतो. काय मागितलंय ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्या आणि त्याच दिवशी द्या. तरी अडलं तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाला भेटा. मंजूर उपचारात जनरल वॉर्डची खाट, औषधं आणि पेशंटचं जेवण धरलेलं असतं. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर वरच्या क्रमांकावर तक्रार करा. केमोच्या प्रत्येक फेरीची मंजुरी वेगळी लागू शकते, म्हणून कार्ड आणि आधार दर वेळी न्या. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध बरेचदा वर्षभर द्यावं लागतं. त्यातलं किती योजनेत बसतं, हे पहिल्याच भेटीत विचारा.

अजून एक प्रश्न, जो कोणत्याही फॉर्मवर नसतो. केमोमुळे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. बीजांडं जपून ठेवण्याबद्दल बोलायचं असेल तर पहिल्या केमोच्या आधीच बोलावं लागतं. डॉक्टर घाईत असतील, नातेवाईक संकोचतील, तरी विचारा. तो तुमचा हक्क आहे. कमी वयात आजार झाला असेल तर बीआरसीए या जनुकीय तपासणीबद्दलही विचारा. त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय आणि बहिणींची पुढची तपासणी अवलंबून असू शकते.

नोकरी करत असाल तर

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का, ते पगारपत्रकावर पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना, आस्थापना नोंदलेली असेल तर, हा विमा लागू असतो. त्यातून उपचार तर होतातच, शिवाय कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वाढीव आजारपण लाभ मिळतो: वेतनाच्या ८० टक्के, जास्तीत जास्त २ वर्षं. त्यासाठी किमान २ वर्षं विमित नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी लागते. म्हणून आजार कळताच घाबरून राजीनामा देऊ नका. आधी ईएसआय शाखा कार्यालयात जाऊन या.

योजनेत बसलं नाही तर

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी विहित अर्ज, उपचाराच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला (वार्षिक १.६० लाखांपर्यंत), आधार, रेशनकार्ड आणि अहवाल लागतात. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. रुग्णालय या निधीच्या यादीवर आहे का, ते आधी पाहा. उपचार संपल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी वेगळा अर्ज करता येतो. तिथंही उत्पन्न दाखला आणि मूळ अंदाजपत्रक लागतं.

धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या, रुग्णालयांचा मार्ग फार कमी जण वापरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे तिथं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० लाख आणि ३.६० लाख रुपये आहे. भरती होतानाच समाजसेवा अधीक्षकांना भेटून उत्पन्न दाखला द्या. खाट नाही म्हणाले तर तसं लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

रेल्वेनं ये-जा करावी लागत असेल तर रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचारासाठीच्या प्रवासात कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे.

रुग्णालय बदलण्याची वेळ आली तर अहवालाबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही (गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या. ते नसले तर नव्या ठिकाणी बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.