कामात मन का रमत नाही? एक हिशेब

'नोकरी पर्मनंट आहे का आणि पगार किती', एवढ्यावर पूर्वी स्थळं ठरत. आता नोकरी करणारा स्वतःलाच तिसरा प्रश्न विचारतो: यात माझं मन रमतं का? या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची एक पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1975 च्या सुमारास मांडली.

कामाच्या पाच बाजूंना 1 ते 7 गुण द्यायचे. कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होतं का, त्याचा कुणाला उपयोग होतो का, निर्णयाचं स्वातंत्र्य, आणि काम नीट झालं की नाही हे कामातूनच कळतं का. यातलं 'कामातूनच' महत्त्वाचं; साहेबांनी महिन्याने दिलेली शाबासकी इथे धरत नाहीत. पहिल्या तिन्हींची सरासरी काढायची, तिला स्वातंत्र्याच्या आणि मग पाचव्या बाजूच्या गुणांनी गुणायचं. जास्तीत जास्त 343.

कॉल सेंटरमधलं एखादं काम घेऊ: विविधता 3, पूर्णत्व 2, उपयोग 4. सरासरी 3. स्वातंत्र्य 2, कामातूनच मिळणारा प्रतिसाद, म्हणजे पाचवी बाजू, 6. गुणाकार 36. कंपनीने आणखी तीन प्रकारचे कॉल सोपवले आणि विविधता 6 झाली, तरी आकडा 48 वरच थांबतो. त्याऐवजी ठरावीक रकमेपर्यंतचा परतावा वरिष्ठांना न विचारता देण्याची मुभा दिली आणि स्वातंत्र्य 4 झालं, तर थेट 72! 'कामात वैविध्य आणलं' म्हणणाऱ्या बऱ्याच योजना इथेच फसतात. एका कंटाळवाण्या कामाला दुसरं कंटाळवाणं काम जोडलं जातं, आणि माणूस फक्त जास्त दमतो.

गुणाकार मात्र पवित्र मानू नये. 1987 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पाच गुणांची साधी बेरीज समाधानाशी अधिक चांगली जुळली. शिवाय नवं शिकण्याची ओढ ज्याला कमी, त्याच्यावर अशा बदलांचा परिणामही कमी होतो, असं खुद्द या दोघांनीच म्हटलं होतं. पगाराचा तर या सूत्रात उल्लेखच नाही; तुटपुंजा पगार या पाच गुणांनी भरून निघत नाही.

म्हणून एकूण आकड्यापेक्षा सर्वांत कमी गुणाची बाजू शोधावी. ती स्वातंत्र्याची निघाली, तर आठवडाभर एक नोंद ठेवा: कोणत्या गोष्टींसाठी परवानगी मागावी लागली, आणि त्यांतल्या किती वेळा उत्तर 'हो'च आलं. जिथे नेहमी 'हो' येतं, ती परवानगी काढून टाकण्याची मागणी आधी करा.