मजकुराचा पुनर्वापर (तांत्रिक दस्तऐवज)

तांत्रिक पुस्तिकेतला इशारा, पायरी, तक्ता किंवा परिच्छेद एकाच ठिकाणी लिहायचा आणि जिथे जिथे लागेल तिथे त्याची नक्कल न करता फक्त त्याचा पत्ता द्यायचा, या पद्धतीला मजकुराचा पुनर्वापर म्हणतात. पीडीएफ किंवा वेबपान तयार होताना पत्त्याच्या जागी मूळ मजकूर येऊन बसतो. एक्सएमएलवर (मजकुराच्या प्रत्येक भागाला टॅग म्हणजे खूण लावून लिहिण्याच्या भाषेवर) आधारलेल्या डिटा आणि डॉकबुक या दोन पद्धतींत याची पक्की सोय आहे.

नागपूरच्या कूलरवरून ही गरज चटकन कळते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात एखादा उत्पादक खिडकीचा, खोलीतला आणि लग्नाच्या मांडवातला असे तीन प्रकारचे कूलर बनवतो असे धरू. ‘टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा’ हा इशारा तिन्ही पुस्तिकांत हवा. मराठी आणि हिंदी मिळून सहा पुस्तिका, आणि प्रत्येकीत हा इशारा पाणी भरताना, पंप साफ करताना, वाळ्याच्या ताट्या बदलताना असा तीनदा, म्हणजे अठरा जागा. नक्कल करून चिकटवलेल्या मजकुरात सतरा जागी दुरुस्ती होते आणि अठरावी राहते. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरू शकते, त्यामुळे ही राहिलेली जागा जिवावर बेतू शकते.

डिटा, म्हणजे डार्विन इन्फर्मेशन टायपिंग आर्किटेक्चर, आयबीएममध्ये तयार झाली आणि 2005 मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक बनली. तिच्यातले पुनर्वापराचे मूळ साधन म्हणजे कॉनरेफ, म्हणजे मजकुराचा संदर्भ. पत्ता या क्रमाने लिहितात: फाइलचे नाव, # चिन्ह, टॉपिकचा (एका विषयावरच्या स्वतंत्र मजकुराचा) आयडी म्हणजे ओळखनाव, तिरपी रेघ आणि शेवटी एलिमेंटचा (टॉपिकमधल्या इशारा, पायरी अशा भागाचा) आयडी. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मधला टॉपिकचा आयडी गाळणे. मग संदर्भ जुळत नाही आणि छापील पानावर इशाऱ्याची जागा रिकामी जाते. दुसरा नियम जातीचा: इशाऱ्याच्या जागी इशाराच ओढता येतो, पायरीच्या जागी पायरी. ओढणाऱ्या एलिमेंटवर लिहिलेली, गुणधर्म सांगणारी अ‍ॅट्रिब्यूट मूळच्यांवर मात करतात, आणि मूळचा आयडी सोबत येत नाही. सामाईक मजकुरासाठी वेगळी ‘कोठार’ फाइल ठेवावी आणि मॅपमध्ये (पुस्तिकेत कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने येतात ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तिची नोंद ‘फक्त साधनासाठी’ अशी करावी, नाहीतर सगळे इशारे पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण म्हणून छापले जातात.

आयडी देवनागरीत ठेवता येतात, पण त्यात एक खास मराठी खोच आहे. ‘पायऱ्या’ या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द आहेत, आणि डोळ्यांनी तपासून ही चूक सापडत नाही. आयडी रोमन अक्षरांत ठेवलेलेच बरे.

थेट फाइलचा पत्ता दिला की फाइल हलवल्यावर तो मोडतो. म्हणून डिटा 1.2 (2010) मध्ये ‘की’ नावाची सोय आली: मॅपमध्ये एका नावाला फाइल किंवा मजकूर जोडायचा आणि टॉपिकमध्ये फक्त ते नाव वापरायचे. तीन कूलरांचे तीन मॅप केले की एकाच टॉपिकमधली टाकीची क्षमता मॅपनुसार बदलते. एकच की दोनदा सांगितली तर मॅपच्या रचनेत आधी भेटणारी व्याख्या चालते आणि वरच्या पातळीवरची खालच्या पातळीच्या आधी धरली जाते. डिटा 1.3 (2015) मध्ये कीला हद्दी घालता येऊ लागल्या, म्हणजे की मॅपच्या एका भागापुरती ठेवता येऊ लागली.

मराठीत सर्वांत जास्त जपावे लागते ते सुट्या शब्दांच्या पुनर्वापराला. इंग्रजीत भागाचे नाव कीमधून ओढून वाक्यात कुठेही बसवता येते. मराठीत विभक्ती लागताच शब्दाचे सामान्यरूप होते: पंखा, पण पंख्याची पाती, झडप, पण झडपेचा खिळा. कीमधून ‘पंखा’ ओढून पुढे ‘ची’ जोडली तर ‘पंखाची’ छापले जाते. लिंगाचेही तसेच: ‘बंद पडलेला पंप’ या वाक्यात पंपाच्या जागी मोटर आली की ‘बंद पडलेला मोटर’ होते. सरळरूपाला एक आणि सामान्यरूपाला दुसरी अशा दोन की करता येतात, पण तेव्हा टॅग संपल्यावर प्रत्यय लगेच चिकटून यायला हवा. एडिटरच्या आपोआप मांडणीने तिथे ओळ तोडली की ‘पंख्या ची’ असे तुकडे पडतात. प्रत्ययाने न बदलणारी मॉडेलची नावे, आकडे आणि एकके शब्दपातळीवर वापरावीत. बाकी सगळ्यासाठी पुनर्वापराचे सर्वांत लहान माप पूर्ण वाक्य हेच धरावे. हिंदीतही पंखा–पंखे का असा बदल होतोच, त्यामुळे अनुवादालाही हेच माप सोयीचे पडते.

पूर्ण वाक्यही आपल्या जागेला बांधलेले नसावे. ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ किंवा ‘मागच्या पायरीत सैल केलेला स्क्रू’ असे लिहिलेली पायरी दुसऱ्या पुस्तिकेत निराधार होते. लागोपाठच्या अनेक पायऱ्या एकदम ओढायच्या असतील तर पहिल्या आणि शेवटच्या पायरीचा पत्ता देता येतो. मधे कोणी नवी पायरी घातली तर ती सगळीकडे जाते, हे लक्षात ठेवावे. थोडा फरक असेल, जसे पत्र्याच्या कूलरला अर्थिंग तपासण्याची पायरी हवी आणि फायबरच्या कूलरला नको, तर पायरीवर उत्पादनाची खूण करून डिटाव्हॅल फाइलने (काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते सांगणाऱ्या फाइलने) ती गाळतात.

डॉकबुकमध्ये हेच काम एक्सइन्क्लूड, म्हणजे एका एक्सएमएल फाइलमध्ये दुसरी आणण्याची सोय, करते. ते 2004 पासून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची शिफारस आहे. त्याने पूर्ण फाइल किंवा एक्सपॉइंटरने (फाइलच्या आतल्या भागाच्या पत्त्याने) दाखवलेला तिचा भाग आणता येतो, आणि फाइल न सापडल्यास पर्यायी मजकूरही देता येतो. इथे आयडी सोबत येतो. एकच इशारा एका पुस्तकात दोनदा आणला की आयडीची पुनरावृत्ती होते आणि दस्तऐवज वैध राहत नाही, म्हणून सामाईक तुकड्यांच्या आत आयडी ठेवायचे टाळतात.

कोठारातला मजकूर बदलण्याआधी तो कुठे कुठे वापरला आहे याची यादी काढणे आवश्यक असते. खोलीतल्या कूलरसाठी ‘20 मिनिटे’ची ‘30 मिनिटे’ केलेली पायरी मांडवातल्या कूलरच्या पुस्तिकेतही त्याच क्षणी बदललेली असते.